पाळणा मोडीत काढण्याचे समर्थन

एखादे मनोरंजन उद्यान आपला जुना पाळणा, जुनी झुकझुक गाडी किंवा जुनी घसरण कायमची बंद करते, तेव्हा मराठीत हमखास एक लेख लिहिला जातो. लेखक बदलतात, लेख तोच राहतो. त्यात वडिलांचा हात घट्ट धरलेला असतो, पोटात गोळा आलेला असतो, खाली उतरल्यावर उसाचा रस असतो. शेवटी बाजाराने आपले बालपण विकून खाल्ल्याची हळहळ असते. असे लेख आम्ही पुष्कळ वाचले आहेत, वर्गात वाचून दाखवले आहेत, त्यांना बरे गुणही दिले आहेत. आमची तक्रार त्यांच्या भावनेविषयी नाही. भावना खरी असते. तक्रार अशी की या लेखनाला पाळणा दिसतच नाही. त्याला दिसतो तो पाळण्यात बसलेला लेखक. आणि ज्याला पाळणा दिसत नाही, त्याने पाळणा बंद करू नये असे सांगण्याचा अधिकार कोठून मिळवला, हा प्रश्न विचारायलाच हवा.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : जुने पाळणे मोडीत काढले जातात ते बहुतेक वेळा योग्यच असते, त्याविरुद्धचे स्मरणरंजन बहुतेक वेळा फुकटचे असते, आणि जिथे मोडीत काढणे अयोग्य असते, तिथे हे स्मरणरंजन नेमके गप्प बसते.

उदाहरण जवळचे घेऊ. गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झाले आणि २०२२ साली बंद झाले. तेहतीस वर्षे. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाची एक अख्खी पिढी मार्व्याहून किंवा गोराईच्या धक्क्यावरून लाँचमध्ये बसून खाडी ओलांडत तिथे गेली. नाशकातूनही पहाटे बस निघत, रात्री उशिरा परतत. ते बंद झाल्याचे कळल्यावर जे लिहिले गेले त्यात दुःख खरे होते, पण एक साधा प्रश्न त्यात कोणी स्वतःला विचारलेला आम्हांला आढळला नाही : आपण तिथे शेवटचे कधी गेलो होतो? प्रामाणिक उत्तर बहुतेकांच्या बाबतीत 'शाळेत असताना' हेच असणार. म्हणजे ज्या पाळण्यासाठी आपण वीस-पंचवीस वर्षे तिकीट काढले नाही, तो आपल्यासाठी वीस-पंचवीस वर्षे फिरत राहावा, त्याला कोणीतरी रोज वंगण घालावे, कोणीतरी रोज सकाळी रिकामा फिरवून पाहावा, अशी ही अपेक्षा आहे. हिला प्रेम म्हणायचे असेल तर म्हणावे; पण ते दुसऱ्याच्या खिशातून केलेले प्रेम आहे.

ही काही आजची खोड नव्हे. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली, तेव्हा तिला निरोप द्यायला रस्त्यावर गर्दी लोटली होती. बेस्टची जुनी डिझेलची दुमजली बस सप्टेंबर २०२३ मध्ये शेवटची धावली, तेव्हाही हारतुरे झाले, छायाचित्रे निघाली. शेवटच्या दिवसाची गर्दी आणि मधल्या वर्षांची गर्दी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिशेब मधल्या वर्षांचा मांडावा लागतो.

आता पाळण्याकडे वळू; कारण तो या चर्चेत कधीच येत नाही.

पाळणा म्हणजे आठवण नव्हे. पाळणा म्हणजे लोखंड, जोड, बोल्ट, बेअरिंग, मोटर, ब्रेक आणि हे सर्व दिवसातून शेकडो वेळा ताणणारे आणि सोडणारे वजन. लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही. तीच पुढे-मागे पन्नास वेळा वाकवली तर तुटते, हे लहानपणी प्रत्येकाने करून पाहिलेले असते. धातूचा थकवा म्हणजे एवढेच. पाळण्याच्या प्रत्येक फेरीत त्याचा प्रत्येक सांधा किंचित ताणला जातो. बहुधा वेल्डिंगच्या कडेला, जिथे डोळा पोचत नाही अशा ठिकाणी, केसाएवढी चीर पडते आणि वर्षानुवर्षे काही न बोलता वाढत राहते. वरून रंग दिला की ती दिसतही नाही. तिला शोधायला ध्वनिलहरींची तपासणी लागते, रंगद्रव मुरवून पाहावे लागते, चुंबकीय भुकटी लावून पाहावे लागते. त्यासाठी पाळणा उकलून ठेवावा लागतो. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत गंजाची आणखी भर पडते. एका वयानंतर तपासणीचाच खर्च एवढा होतो की त्यात नवा पाळणा निम्मा उभा राहावा.

दुसरी अडचण सुट्या भागांची. या यंत्रांचे जगातले उत्पादक मूठभर, आणि तेही अमर नव्हेत. लोखंडी नळीच्या रुळांवर धावणारा रोलर कोस्टर ज्यांनी जगाला दिला, त्या अमेरिकेतल्या ॲरो डायनॅमिक्सचे २००१ साली दिवाळे वाजले. कारखाना गेला की त्याच्या यंत्राचे एखादे चाक, एखादी ब्रेकची पट्टी कोठून आणायची? मग दुसऱ्याकडून घडवून घ्यायची. आणि ती मूळ आराखड्याइतकीच सक्षम आहे अशी सही कोणीतरी करायची. ही सही करणाऱ्या माणसाविषयी मराठीत एकही ललित लेख नाही. (असल्यास आम्हांला जरूर कळवावा, पुढच्या सत्रात अभ्यासाला लावू.)

१४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठच्या उद्यानात लंबकासारखा झुलणारा एक पाळणा मध्यावर तुटून माणसांसकट खाली कोसळला. लोक मेले, अनेक जखमी झाले. त्या दिवशी त्या पाळण्यात बसलेल्यांसाठी 'आणखी थोडे दिवस चालवू' या वाक्याचा अर्थ काय झाला असेल, तो स्मरणरंजनाच्या परिभाषेत मांडता येत नाही.

आता पैशाकडे. इथे एक गोष्ट आम्हांला विशेष लक्षणीय वाटते आणि ती जत्रेशेजारी उद्यान ठेवून पाहिल्याशिवाय कळत नाही. नाशकात नवरात्रात कालिकामातेची यात्रा भरते. तिथे रहाटपाळण्याचे तिकीट वेगळे, ब्रेकडान्सचे वेगळे, मौत का कुआँचे वेगळे. पाळणेवाल्याच्या गल्ल्यात संध्याकाळी जे पडते ते त्या पाळण्याने मिळवलेले असते. लोकांना जुना रहाटपाळणा आवडत असेल तर ती आवड नाण्यांत मोजली जाते, आणि पाळणा पुढच्या वर्षी पुन्हा येतो. जत्रेत आवडीला आवाज असतो.

उद्यानात एकच प्रवेशशुल्क, आणि आत सर्व काही त्यातच. ही सोय कुटुंबाला बरी वाटते, पण तिने एक उलथापालथ केली : कोणत्या पाळण्याने किती मिळवले हे सांगण्याची सोय संपली. जुन्या पाळण्यापुढे रांग असली तरी रांगेतला माणूस त्या पाळण्यासाठी आला होता की नुसता आलाच होता म्हणून रांगेत उभा राहिला, हे हिशेबाच्या वहीत कळत नाही. वहीत जुन्या पाळण्याचा फक्त खर्च दिसतो : वीज, माणसे, दुरुस्ती, विमा. मिळकत दिसते ती नव्याची, कारण जाहिरात नव्याची होते आणि ती झाल्यावर दारावरची गर्दी वाढते. खोपोलीजवळ २०१३ साली इमॅजिका उभे राहिल्यावर मुंबई-पुण्याच्या शाळकरी पोरांना गोराईचे काय कौतुक उरणार होते? दहा वर्षांच्या मुलाला बापाच्या आठवणीत रस नसतो. त्याला वर्गातल्या पोरांनी काय पाहिले त्यात असतो. आणि एकदा आलेल्याला पुन्हा यायला लावणे हा तर उद्यानाचा सगळा धंदाच. डिस्नेलँड कधीच पूर्ण होणार नाही, त्यात सतत भर आणि बदल होत राहतील, ही वॉल्ट डिस्नेचीच भूमिका होती. जिथे बदल हेच विकायचे आहे, तिथे जुने टिकवण्याची मागणी म्हणजे हलवायाकडे कालचेच लाडू मागणे.

इथे एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे : मग जगात इतके जुने पाळणे टिकले कसे? व्हिएन्नाचा रीझनराड १८९७ पासून उभा आहे. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरचा सायक्लोन १९२७ पासून धावतो. प्रेम असेल तर टिकवता येते, असे यावरून म्हणावे का?

रीझनराडची कथा नीट वाचावी. तो पाडायची परवानगी १९१६ सालीच निघाली होती. पाडायलाही पैसे नव्हते, म्हणून तो वाचला. १९४४ साली तो जळाला, युद्धानंतर १९४७ मध्ये पुन्हा फिरू लागला, तेव्हा त्याच्या तीस डब्यांपैकी पंधराच परत बसवले गेले. वजन निम्मे झाले. शिवाय तो फिरतो माणसाच्या चालीहूनही संथ. संथ यंत्र हळू थकते. म्हणजे दारिद्र्य, आग, निम्मे ओझे आणि संथ गती या चौघांनी त्याला वाचवले. व्हिएन्नाकरांच्या हळव्या मनाचा वाटा फार नंतरचा. याउलट ज्याच्यामुळे या चक्राला जगभर नाव मिळाले तो जॉर्ज फेरिसचा मूळ पाळणा : १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात उभा राहिला, छत्तीस डबे, प्रत्येकात साठ माणसे. लोकांनी त्यावर जीव ओवाळला. १९०४ मध्ये तो सेंट लुइसला नेला गेला आणि १९०६ मध्ये सुरुंग लावून उडवला गेला. लोकप्रियता आणि आयुष्य यांचा काही संबंध असता, तर हे उलटे व्हायला हवे होते.

इंग्लंडमधल्या मार्गेटची गोष्ट मात्र आम्हांला मान्य आहे. तिथली लाकडी सीनिक रेल्वे १९२० सालची. २००२ मध्ये तिला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला, २००८ मध्ये ती आगीत सापडली, आणि स्थानिक लोकांनी वर्षानुवर्षे मोहीम चालवून, सार्वजनिक पैसा उभा करून २०१५ मध्ये ती पुन्हा धावती केली. लाकडाची फळी बदलता येते, थकलेल्या पोलादाचा कणा तसा बदलता येत नाही, हाही भाग आहेच. पण मुख्य फरक हा की मार्गेटच्या लोकांनी लेख लिहून थांबणे पत्करले नाही. त्यांनी कायदा हलवला, वर्गणी काढली, सुतार आणले. त्यांच्या आठवणीला मजुरीचा दर होता. अशा आठवणीपुढे आम्ही टोपी काढतो.

आणखी एका प्रकारच्या निवृत्तीबद्दल बोलणे भाग आहे, कारण साहित्याच्या विद्यार्थ्याला तीच सर्वांत जवळची. काही पाळण्यांचे लोखंड शाबूत असते, अर्थ कुजलेला असतो. डिस्नेच्या स्प्लॅश माउंटनचे कथानक १९४६ सालच्या 'साँग ऑफ द साउथ' या चित्रपटावर बेतलेले होते; गुलामगिरीनंतरच्या अमेरिकी दक्षिणेचे गोडगुलाबी चित्र म्हणून तो चित्रपट पूर्वीपासून टीकेचा धनी, इतका की स्वतः कंपनीनेच तो दडवून ठेवला. पाळणा मात्र चालू होता. २०२३ मध्ये तो फ्लोरिडात आणि कॅलिफोर्नियात बंद झाला, पाण्याचा मार्ग तसाच ठेवून गोष्ट बदलली गेली आणि २०२४ मध्ये टियानाच्या नावाने उघडला. विरोधकांचे म्हणणे होते, आम्ही तर फक्त भिजायला जात होतो. हे 'फक्त' फार बोलके आहे. स्मरणरंजन नेहमी 'फक्त' म्हणते.

आपल्याकडे याचे भावंड आहे सर्कस. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली सुरू केलेली ही मराठी माणसाची अभिमानाची कला. १९९८ च्या अधिसूचनेने वाघ, सिंह, बिबटे, अस्वले आणि माकडे यांचे खेळ बंद झाले, सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ती बंदी उचलून धरली. आणि तेव्हापासून 'आता सर्कशीत राम राहिला नाही' हे वाक्य आपण ऐकत आलो आहोत. सर्कशीतले कलावंत उपाशी मरू लागले याचे दुःख करणे वेगळे आणि पिंजऱ्यातल्या वाघाच्या आठवणीने गहिवरणे वेगळे. पहिल्या दुःखाला आम्ही साथ देऊ. दुसऱ्यात तो वाघ कुठे आहे?

'नॉस्टॅल्जिया' हा शब्द योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ साली बाझेलला आपल्या प्रबंधात घडवला. रोगाचे नाव म्हणून, परदेशी गेलेल्या स्विस माणसांना जडणाऱ्या घरओढीसाठी. तीनशे वर्षांत रोगाचा अलंकार झाला. स्वेतलाना बॉइम यांनी २००१ च्या आपल्या ग्रंथात त्याचे दोन प्रकार केले : हरवलेले घर पुन्हा बांधू पाहणारा, आणि हरवलेपणातच रेंगाळून विचार करणारा. ही विभागणी आपल्या विद्यापीठांत आता पाठ झाली आहे. आमच्या मते मराठी ललित गद्याला या दोहोंत बसवणे कठीण, कारण ते घर बांधत नाही आणि रेंगाळतानाही विचार करतेच असे नाही. ते उसासते. उसासून मोकळे होते. त्याच्या स्मृतीत यंत्र चालवणारे हात नसतात. वाड्याच्या आठवणीत शेणाने सारवणारी बाई नसते, रेल्वेच्या आठवणीत गँगमन नसतो, पाळण्याच्या आठवणीत फिटर नसतो. हा योगायोग नव्हे. आठवणारा त्या जागी नेहमी प्रवासी होता, प्रेक्षक होता, गिऱ्हाईक होता. त्याने पैसे दिले (खरे तर बापाने दिले) आणि त्या क्षणापुरते जग त्याच्यासाठी फिरले. हे फिरणे थांबले की त्याला अन्याय वाटतो. बाजाराविरुद्ध म्हणून मांडला जाणारा हा सूर मुळात गिऱ्हाइकाचाच आहे.

याचा अर्थ आम्ही उद्यानांच्या मालकांची वकिली करतो असा कोणी घेऊ नये. 'सुरक्षितता' हा शब्द त्यांच्याही तोंडी सोयीने येतो. दिल्लीचे अप्पूघर १९८४ साली सुरू झाले आणि २००८ साली बंद झाले, ते पाळणे थकले म्हणून नव्हे. जागा सर्वोच्च न्यायालयाच्या विस्ताराला आणि मेट्रोला हवी होती. महानगरातले उद्यान म्हणजे आधी जमीन असते, मग पाळणे. लोखंडाच्या वयाचे कारण पुढे करून जमिनीचा सौदा होत असेल तर ते उघडे पाडणे हे लेखकाचे काम आहे. पण त्यासाठी लेखकाला विचारावे लागेल : शेवटची तपासणी कधी झाली, अहवाल कोठे आहे, पाळणा चालवणाऱ्या माणसांचे पुढे काय झाले, जागेचा वापर कशासाठी बदलला? स्मरणरंजन यांतले काहीच विचारत नाही. बंद करण्याचे कारण खरे असो वा खोटे, त्याचा लेख तोच राहतो. मालकांनाही असे लेख आवडत असावेत. फुकटात श्रद्धांजली, आणि जाब नाही.

आम्ही हे एकलहऱ्यात बसून लिहितो आहोत, हे सांगायला हवे. इथे मनोरंजन उद्यान नाही. इथे औष्णिक वीज केंद्र आहे. त्याचे पहिले दोन संच १९७० आणि १९७१ साली सुरू झाले आणि आयुष्य संपल्यावर कायमचे बंद झाले. २१० मेगावॉटचे तीन संच १९७९ ते १९८१ या काळात आले, म्हणजे तेही चाळिशी ओलांडलेले. यंत्राचे वय या गावाला तारखेने ठाऊक नसते, चाललेल्या तासांनी ठाऊक असते. बॉयलरची नळी फुटणे म्हणजे काय, संच वार्षिक दुरुस्तीला उघडला की आत काय दिसते, हे इथल्या घराघरांत जेवताना बोलले गेलेले विषय. दोन संच गेले तेव्हा त्यांच्यावर कोणी ललित लेख लिहिला नाही. गावाने मागितला तो त्यांच्या जागी नवा संच, ६६० मेगावॉटचा. ती मागणी मोर्चे आणि निवेदने यांतून वर्षानुवर्षे लावून धरली गेली. राखेचे काय, कोळशाचे काय, गोदावरीच्या पाण्याचे काय, हे त्या मागणीवरचे प्रश्न रास्त आहेत आणि गावातही विचारले जातात. पण तो वाद भविष्याचा आहे, पोटाचा आहे. जुन्या यंत्राच्या जागी काय येणार आणि त्यावर कोणाचे हात काम करणार, हे विचारणे हीच यंत्राविषयीची खरी आस्था, असे आम्हांला वाटते. ही आस्था कोरडी वाटेल. तिच्यात उसाचा रस नाही.

मराठीच्या शिक्षकमित्रांना म्हणून आमची एक सूचना आहे. 'लोप पावत चाललेल्या गोष्टी' हा निबंधाचा विषय काही वर्षे बाजूला ठेवावा. त्याऐवजी येत्या नवरात्रात विद्यार्थ्यांना कालिकेच्या यात्रेला पाठवावे. संध्याकाळी नव्हे, दुपारी, पाळणे उभे होत असताना. खांबाखाली लाकडी ठोकळे कोण सरकवतो, बोल्ट कोणत्या क्रमाने आवळतात, जुना झालेला बोल्ट कसा ओळखतात आणि तो फेकतात की पुन्हा वापरतात, परवानगी कोणाच्या सहीने मिळते, माणसे कोणत्या गावची आणि पावसाळ्यात काय करतात, हे विचारून लिहायला सांगावे. पाळण्यात बसायचे असेल तर नंतर बसावे, स्वतःच्या पैशाने.